शाळेच्या आवारांतला तलाव

राजांच्या लढाया आणि तहांच्या तारखा यांखेरीजही इतिहासाला विषय असतात. एखाद्या गांवच्या नळाचा, रस्त्याचा किंवा शाळेच्या इमारतीचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं, आणि लिहिलाच तर तो वाचणारा विरळा. पण लोकांचें नित्याचें जीवित अशाच गोष्टींत गुंतलेलें असतें. आज मी आपणांस जपानमधील शाळांच्या पोहण्याच्या तलावांची हकीकत सांगणार आहें. विषय ऐकून कोणी हंसेल. परंतु या तलावांच्या पायाशीं दोन मोठ्या दुर्घटना आहेत, शिक्षकांवरील खटले आहेत, नगरपालिकांचीं अंदाजपत्रकें आहेत, आणि एक असा प्रश्न आहे कीं ज्याचें उत्तर तेथें अद्यापि पुरतें लागलेलें नाहीं. मुलाला पोहावयास शिकविणें हें काम कोणाचें? आईबापांचें, शाळेचें, कीं गांवाचें?

आपल्याकडे हा प्रश्न पूर्वीं कोणी विचारलाच नाहीं. मामानें किंवा थोरल्या भावानें पाठीला सुके भोपळे बांधून विहिरींत ढकलून द्यावें, चार दिवस नाकातोंडांत पाणी जावें आणि पांचव्या दिवशीं मूल आपोआप हातपाय मारूं लागावें, असा तो अभ्यासक्रम होता. जपानांतही नव्या शाळा निघण्यापूर्वींचा क्रम फारसा निराळा नव्हता. सामुराई वर्गांत मात्र पोहणें ही युद्धकलाच गणली जाई. अंगावर चिलखत असतां पाणी कसें कापावें, पाण्यांत उभ्यानें तरंगून शस्त्र कसें चालवावें, याच्या निरनिराळ्या परंपरा होत्या व त्यांतील कित्येक तेथील हौशी लोकांनीं आजवर जतन केल्या आहेत. कोळ्यांचीं पोरें समुद्रांत शिकत, शेतकऱ्यांचीं नदींत. ज्याच्या घराजवळ पाणी, त्याला पोहतां येई. ज्याच्या घराजवळ नाहीं, त्याला येत नसे.

शाळेच्या तलावाची कथा ओसाका शहराजवळील इबाराकी येथील माध्यमिक शाळेपासून सांगावयास हवी. तेथें १९१६ सालीं तलाव तयार झाला, आणि तो खणण्याचे श्रम विद्यार्थ्यांनीं स्वतः केले. त्या वर्षीं त्या शाळेंत यासुनारी कावाबाता नांवाचा एक विद्यार्थी शेवटच्या इयत्तांत होता. त्याला पुढें १९६८ सालीं वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें त्याच शाळेचा दुसरा विद्यार्थी अधिक महत्त्वाचा. कात्सुओ ताकाइशी हें त्याचें नांव. १९२८ सालच्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्यें शंभर मीटरच्या शर्यतींत त्यानें कांस्यपदक मिळविलें. त्याच वर्षीं त्सुरुता या दुसऱ्या जपानी पोहणाऱ्यानें सुवर्णपदक जिंकलें. चार वर्षांनीं लॉस एंजल्स येथें पुरुषांच्या पोहण्याच्या सहा शर्यती होत्या. त्यांपैकीं पांच जपाननें जिंकल्या. दीड हजार मीटरची शर्यत जिंकणारा कितामुरा तेव्हां अवघा चौदा वर्षांचा होता. १९३६ सालीं बर्लिन येथें हिदेको माएहाता ही ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळविणारी पहिली जपानी स्त्री ठरली. ती लहानपणीं आपल्या गांवच्या नदींत पोहावयास शिकली होती. युद्धांत पराभूत झालेला देश अन्नाला मोताद असतां १९४९ सालीं फुरुहाशी नांवाच्या तरुणानें अमेरिकेंत जाऊन जागतिक उच्चांक मोडले, तेव्हां त्या खचलेल्या लोकांना किती धीर आला असेल याची कल्पना करावी.

अशा देशांत शाळेंत जाणाऱ्या बहुतेक पोरांना पोहतां येत असेल असें आपणांस वाटेल. तसें नव्हतें. चार-दोन विजयी वीरांवरून राष्ट्राची परीक्षा करणारे लोक नेहमींच फसतात. इबाराकीसारखे तलाव माध्यमिक शाळांत, तेही कांहीं थोड्याच, होते. प्राथमिक शाळेंतील सामान्य मुलगा, आणि विशेषतः मुलगी, पाण्यापासून दूरच राहत असे. हें सत्य १९५५ सालच्या उन्हाळ्यानें फार कठोर रीतीनें उघडें केलें.

जपानच्या मुख्य बेटाच्या आणि शिकोकु बेटाच्या मध्यें एक चिंचोळा समुद्र आहे. अलीकडच्या तीरावर उनो आणि पलीकडे ताकामात्सु अशीं दोन बंदरें असून त्यांच्या दरम्यान सरकारी आगगाडीखात्याच्या आगबोटी उतारूंची आणि डब्यांसकट गाड्यांची ने-आण करीत. ११ मे १९५५ रोजीं सकाळीं शिउन मारू नांवाची बोट ताकामात्सुहून निघाली. तिच्यावर निरनिराळ्या जिल्ह्यांतील शाळांचीं मुलें होतीं. जपानांत शाळा सोडण्यापूर्वीं सर्व वर्गानें मिळून दूरच्या प्रवासास जाण्याची चाल आहे. कित्येकांच्या आयुष्यांतील तो पहिलाच मोठा प्रवास असतो, आणि त्यासाठीं घरोघर महिनोन्महिने पैसे साठविले जातात. त्या दिवशीं समुद्रावर दाट धुकें होतें. बंदर सोडून पुरता अर्धा तासही झाला नव्हता तोंच त्याच खात्याच्या दुसऱ्या, मालवाहू बोटीशीं शिउन मारूची टक्कर झाली, आणि थोड्याच मिनिटांत ती कलंडून बुडाली. १६८ माणसें मेलीं. त्यांपैकीं १०० शाळकरी मुलें होतीं, आणि त्या शंभरांत मुलींची संख्या मुलांहून कितीतरी अधिक होती. हीं मुलें चार शाळांचीं: शिमाने, हिरोशिमा, एहिमे आणि कोची या चार प्रांतांतील. एकट्या कोची शहराच्या नानकाई माध्यमिक शाळेचे २८ विद्यार्थी गेले. या शाळेचें नांव श्रोत्यांनीं कृपा करून ध्यानांत ठेवावें.

दोन महिने लोटले. २८ जुलै रोजीं मिए प्रांतांतील त्सु शहराच्या किनाऱ्यावर एका माध्यमिक शाळेचा पोहण्याचा वर्ग चालला होता. शाळेला तलाव नव्हता. म्हणून वर्ग समुद्रांत. पाण्यांत उतरलेल्या मुली एकाएकीं प्रवाहांत सांपडल्या, आणि पाहतां पाहतां ३६ मुली बुडून मेल्या. बोटीच्या अपघातांत निदान समुद्र ओलांडण्याची गरज होती. येथें तर बुडूं नये म्हणून जें शिक्षण द्यावयाचें, तें देतांनाच हा घात झाला. शिक्षकांवर फौजदारी खटले झाले. खालच्या न्यायालयानें त्यांना दोषी धरलें, वरच्या न्यायालयानें सोडून दिलें. पुढें आईबापांच्या दिवाणी दाव्यांत मात्र भरपाईचा निकाल झाला. मी सारा जन्म शाळेंत घालविला आहे. पन्नास मुलांची रांग घेऊन नुसता रस्ता ओलांडतांना शिक्षकाच्या छातींत काय होतें तें मला ठाऊक आहे. त्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या शिक्षकांविषयीं न्यायालयानें काय ठरविलें याहून त्यांनीं पुढचें आयुष्य कसें काढलें असेल, हाच विचार माझ्या मनांत येतो.

येथें इतिहासकारानें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. शिउन मारू बुडाली ती मुलांना पोहतां येत नव्हतें म्हणून नव्हे. दोष धुक्यांत बोट हांकणाऱ्यांचा, आणि बोट इतक्या झपाट्यानें कलंडली कीं पट्टीचे पोहणारेही सर्व वांचले नसते. त्या अपघातावरचा खरा तोडगा जहाजांच्या व्यवस्थेंत होता, आणि अखेर त्या समुद्रावर १९८८ सालीं मोठा पूल झाला तेव्हां बोटींतून तो समुद्र ओलांडण्याचें मुख्य कारणच उरलें नाहीं. तरी लोकांच्या मनानें घेतलें तें असें कीं पोर पोहणारें हवें. यांत तर्क थोडा आणि दुःख फार होतें, असें म्हणतां येईल. परंतु त्सुच्या दुर्घटनेनें त्या दुःखाला तर्काचीही जोड मिळाली. पोहावयास शिकवावयाचें तर समुद्रांत नव्हे, जेथें तळ दिसतो अशा मोजल्या पाण्यांत शिकविलें पाहिजे. म्हणजे तलाव हवा, आणि तो शाळेच्या आवारांत हवा. आपल्याकडेही १८ जानेवारी २०२४ रोजीं बडोद्याच्या हरणी तलावांत नाव उलटून सहलीला गेलेलीं १२ मुलें आणि त्यांच्या २ शिक्षिका बुडाल्या. तेव्हां आपण नावाड्याविषयीं आणि ठेकेदाराविषयीं पुष्कळ बोललों, तें योग्यच होतें; पोहण्याच्या शिक्षणाविषयीं मात्र फारसें कोणी बोललें नाहीं.

आतां पैशाची गोष्ट. युद्धोत्तर कायद्यानें जपानांतील प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळा शहर, कसबा किंवा खेडें यांच्या स्थानिक संस्थांकडे आहेत. शाळा ज्यानें काढली त्यानेंच तिचा खर्च सोसावा, असा १९४७ सालच्या कायद्याचा दंडक आहे. शिक्षकांचा पगार प्रांत देतो, त्यांत मध्यवर्ती सरकारचा वांटा असतो. पण भिंती, छप्पर, बांकें आणि तलाव हीं गांवाचीं. म्हणजे तलाव बांधावा कीं नाहीं याचा निर्णय ग्रामसभेंत, नाल्याच्या आणि रस्त्याच्या कामांशीं भांडून घ्यावा लागे. १९६१ सालीं क्रीडावृद्धीचा कायदा झाला व अशा बांधकामास सरकारी मदत मिळूं लागली. तीन वर्षांनीं टोकियोस ऑलिंपिक व्हावयाचें होतें. त्या उत्साहाचाही हातभार लागला. गांवोगांवीं आईबापांच्या संघांनीं खटपट केली, आणि पुढील दोन-अडीच दशकांत तलाव नसलेली शाळा हीच नवलाची गोष्ट होऊन बसली.

पैसा मिळण्याचें आणखी एक कारण होतें, आणि मला तें सर्वांत मनोरंजक वाटतें. जपानांतील घरें लांकडी. आगीचें भय पिढ्यान्‌पिढ्यांचें. पंचवीस मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर खोल असा तलाव धरला तर त्यांत तीन लाख लिटर पाणी मावतें. वस्तीच्या मधोमध बाराही महिने भरलेला एवढा हौद म्हणजे बंबवाल्यांना पर्वणीच. म्हणून कित्येक ठिकाणीं शाळेचा तलाव अग्निशामक खात्याच्या पाणवठ्यांत गणला गेला, आणि थंडींत कोणी पोहत नसतांनाही तो भरलेला ठेवण्याचा प्रघात पडला. १९९५ च्या जानेवारींत कोबेच्या भूकंपांत शहरांतील नळ कोरडे पडले तेव्हां शाळांच्या तलावांचें पाणी कामीं आलें. पोहण्याच्या नांवाखालीं गांवानें आगीची सोय केली म्हणा, कीं आगीच्या नांवाखालीं पोरांची सोय केली म्हणा. चतुर नगरसेवकाला दोन्ही बाजूंनीं बोलतां येई.

हा तलाव दिसावयाला साधा. वर छप्पर नाहीं, पाणी तापविण्याची सोय नाहीं. जूनपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत काय पोहावयाचें तें पोहावें. आंत शिरण्यापूर्वीं पाय बुडविण्याचा लहान हौद, मग डोक्यावर गार पाण्याची धार, जिला पोरांनीं नरकाचा पाऊस असें नांव ठेवलें आहे. बाहेर आल्यावर डोळे धुण्याचे उलट्या तोंडाचे नळ. ज्याला जितकें पोहतां येतें त्याप्रमाणें त्याच्या टोपीचा रंग, किंवा टोपीवरची खूण. उन्हाळ्याच्या सुटींत आयांनीं पाळीपाळीनें तलावाच्या कांठावर छत्री घेऊन बसावें आणि आळींतल्या साऱ्या मुलांवर नजर ठेवावी, अशी रीत कित्येक गांवीं होती. शाळेचा तलाव तो गांवाचा तलाव झाला, तो कायद्यानें जितका झाला त्याहून अधिक या आयांच्या पाळ्यांनीं झाला, असें मी समजतों. अभ्यासक्रमांत पोहण्यास कायमचें स्थान मिळालें. योग्य जागा उपलब्ध नसेल तर प्रत्यक्ष पोहणें वगळण्याची मुभा आहे, परंतु पाण्यांतील धोक्याचें ज्ञान मात्र वगळतां येत नाहीं, असा नियम त्यांत आहे.

पण सिमेंटलाही म्हातारपण असतें. साठ-सत्तरच्या दशकांत बांधलेले तलाव एकविसाव्या शतकांत एकदमच जुने झाले. तळाला चिरा, पाणी गाळण्याचे पंप बंद, नळ्या गंजलेल्या. दुसऱ्या बाजूस जन्म कमी होऊं लागल्यामुळें वर्गांतलीं मुलें घटलीं. पूर्वीं सहाशें मुलांनीं वापरलेला तलाव दीडशें मुलांसाठीं नव्यानें बांधावा काय, आणि वर्षांतून जेमतेम दहा-बारा दिवसांच्या पोहण्यासाठीं? त्यांत अलीकडच्या उन्हाळ्यांत ऊन इतकें वाढलें आहे कीं पाणी गरम आणि कांठ तापलेला, म्हणून पोहण्याचा वर्गच रद्द करावा लागतो. पावसानें वर्ग रद्द व्हावा हें समजतें. उन्हानें व्हावा हें आमच्या पिढीला कोडेंच वाटेल.

या सर्वांचा भार पडतो शिक्षकावर. पाणी भरणें, औषध टाकणें, तें मोजणें, गाळ काढणें हीं कामें तोच करतो. कावासाकी शहरांत २०२३ सालीं एका प्राथमिक शाळेंत तलाव भरतांना शिक्षकाच्या हातून पाणी वाहतें राहिलें व तें कित्येक दिवस वाहिलें. सुमारें १९ लाख येनांचें नुकसान झालें, आणि त्याची निम्मी रक्कम नगरपालिकेनें त्या शिक्षकाकडून व मुख्याध्यापकांकडून मागितली. यावर जपानांत मोठी ओरड झाली. नगरपालिकेचा पैसा जनतेचा असतो हें मला मान्य आहे. तथापि ज्याला गणित व भाषा शिकविण्यासाठीं नेमलें, त्याच्या हातीं नळाची किल्ली द्यावयाची आणि नळ राहिला म्हणून त्याच्या पगाराला हात घालावयाचा, हा न्याय मला तरी पटत नाहीं. नळासाठीं नळवाला नेमावा.

यावर निघालेला मार्ग म्हणजे वांटून घेणें. टोकियोच्या नैर्ऋत्येस कानागावा प्रांतांत एबिना नांवाचें शहर आहे. तेथील नगरपालिकेनें शाळांचे जुने तलाव पुन्हां बांधण्याचें नाकारलें, आणि २०११ पर्यंत सर्व सरकारी शाळांचे तलाव बंद करून पोहण्याचे वर्ग नगरपालिकेच्या छपराखालच्या, ऊन पाण्याच्या सार्वजनिक तलावांत नेले. पाऊस असो, ऊन असो, वर्ग चुकत नाहीं. शाळेच्या वेळेंत मुलें, उरलेल्या वेळेंत नागरिक. एकाच पाण्याचा दुहेरी उपयोग. पुढें अनेक शहरांनीं याच वाटेनें जाण्यास आरंभ केला. कोणी नगरपालिकेचा तलाव वापरतात, कोणी खाजगी संस्थेचा भाड्यानें घेतात, कोणी दोन-तीन शाळांत मिळून एक ठेवतात. हिशेबाच्या दृष्टीनें हें निर्विवाद शहाणपणाचें आहे. जाण्यायेण्यांत तास जातो, सुटींत पायीं जाऊन डुंबण्याची जागा नाहींशी होते, आणि आळींतला आगीचा हौदही जातो, हे तोटे आहेत. पण मोडक्या पंपाच्या तलावापेक्षां दूरचा चांगला तलाव बरा, असें मी स्वतः म्हणेन.

मात्र वांटून घेणें म्हणजे केवळ वेळापत्रक जुळविणें नव्हे. सहा वर्षांच्या मुलाचें पाणी आणि पंधरा वर्षांच्या मुलाचें पाणी एक नसतें. प्राथमिक शाळेचा तलाव उथळ बांधतात, माध्यमिक शाळेचा खोल. खोल तलावांत लहान मुलें उतरवावयाचीं तर तळाशीं पाट मांडून तो उंच करतां येतो. असे पाट तेथें तयार मिळतात. पाण्याची उंची आधीं मोजावी, मुलांची उंची आधीं मोजावी, कांठावर पुरेशीं माणसें उभीं करावीं, हें काम कोणत्या खात्याचें? तलाव एका शाळेचा, मुलें दुसऱ्या शाळेचीं आणि मालकी नगरपालिकेची, अशा ठिकाणीं तिघांनाही वाटतें कीं दुसऱ्यानें पाहिलें असेल.

२०२४ सालीं कोची शहरांतील एका सरकारी प्राथमिक शाळेच्या तलावाचा पंप बिघडला. वर्ग बुडूं नयेत म्हणून मुलांना जवळच्या माध्यमिक शाळेच्या तलावावर नेऊं लागले. ५ जुलै रोजीं चौथीच्या वर्गांतील एक मुलगा तेथें बुडून मृत्यु पावला. पाण्याची खोली त्या मुलाच्या उंचीहून अधिक होती. ज्या शाळेचा तो तलाव, ती नानकाई माध्यमिक शाळा. १९५५ च्या मे महिन्यांत धुक्यांतल्या बोटीवर जिचे २८ विद्यार्थी गेले, तीच.